वाफेची रेलकार फसली होती का? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वाफेवरील रेलकारविषयी, म्हणजे प्रवासी डब्यातच छोटे वाफेचे इंजिन बसवलेल्या गाडीविषयी, मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. ही कल्पना 1903 मध्ये जन्मली हे माझे विधान चुकीचे आहे, हा पहिला. आणि ज्या गाड्या तीस-बत्तीस वर्षांत बंद पडल्या व ज्यांचे साधे डबे करावे लागले, त्या मुळातच फसलेल्या होत्या, हा दुसरा.

पहिली चूक निःसंशय माझीच आहे. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी ब्रिस्टल अँड एक्झेटर रेल्वेसाठी 'फेअरफील्ड' ही रेलकार 1848 मध्येच बांधली होती. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. बॉयलरबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यावर, जागा अपुरी असल्याने बॉयलर उभा ठेवावा लागे. त्यातील भट्टीचा गरम धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांची वरची टोके पाण्याच्या पातळीच्या वर, नुसत्या वाफेत राहत आणि पाण्याचा गारवा न मिळाल्याने जास्त तापत. शिवाय भट्टी लहान, त्यामुळे चढावर वाफ पुरत नसे. दुसऱ्या एका कंपनीचे इंजिन-अभियंते ड्रमंड यांच्या, दक्षिण इंग्लंडमधील साउथसी शाखेवरील रेलकारचा उभा बॉयलर इतका अपुरा पडला की त्याजागी आडवा बसवावा लागला. ग्रेट वेस्टर्नचे मुख्य इंजिन-अभियंते चर्चवर्ड यांनी तीच गाडी चाचणीसाठी मागवून घेतली होती, आणि तरीही त्यांनी उभा बॉयलरच, पण अधिक मोठा, निवडला. 12 ऑक्टोबर 1903 रोजी स्टोनहाउस ते चॅलफर्ड या मार्गावर त्यांच्या गाड्या सुरू झाल्या आणि 1908 पर्यंत अशा 99 गाड्या बांधल्या गेल्या. फसलेल्या यंत्राच्या इतक्या प्रती कोणतीही कंपनी पाच वर्षे काढत राहत नाही.

त्या मागे पडण्याचे मोठे कारण मला प्रवाशांच्या गर्दीत दिसते. स्टेशनमास्तर नसलेले, लाकडी फलाटाचे छोटे थांबे उघडले, तिकीट गाडीतच मिळू लागले आणि प्रवासी वाढले. मग मागे एक जादा डबा जोडावा लागे, आणि त्या ओझ्याने ते छोटे इंजिन दमून जाई. त्यातच बॉयलर धुवायचा म्हटले की गाद्यांच्या बाकांसह अख्खा डबा कोळशाच्या धुळीने भरलेल्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या कोठारात, न्यावा लागे. या गाड्यांचा खरा दोष कोणता असे विचाराल, तर मी याच सक्तीकडे बोट दाखवीन. इंजिनाची बोगी काढून दुसरी बसवण्याची सोय कंपनीने ठेवली होती, पण त्याने अडचण कमी झाली, संपली नाही.

डब्यांच्या रूपांतराचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. इंजिन काढून टाकल्यावरही डबा वापरण्याजोगा होता, म्हणूनच त्याचे रूपांतर झाले. गाडी उलट दिशेने धावताना चालक दुसऱ्या टोकाच्या खोलीत उभा राहून लांब दांड्यांच्या जोडणीने रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारी झडप) चालवी आणि फायरमन बॉयलरजवळच थांबे. दोघांचे बोलणे घंटेच्या ठोक्यांनी होई. हीच रचना पुढे वेगळे इंजिन जोडलेल्या 'ऑटो ट्रेन'मध्ये 1960च्या दशकापर्यंत टिकली. 1908 मध्ये बांधलेल्या 93 क्रमांकाच्या गाडीचाही असाच ऑटो ट्रेनचा डबा झाला होता. डिडकॉटच्या ग्रेट वेस्टर्न सोसायटीने तिच्यासाठी इंजिनाची बोगी नव्याने घडवली आणि 2011 मध्ये ती पुन्हा वाफेवर धावली.

बॉयलरच्या दोषावरही पुढे तोड निघाली. 1920च्या दशकात श्रूसबरीच्या सेंटिनेल कंपनीने नळ्यांतून पाणी फिरवणारा, खूप अधिक दाबाचा उभा बॉयलर वापरला. तिच्या 80 रेलकार लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने घेतल्या, आणि इजिप्तसाठी तर 1951 मध्येही तीन-तीन डब्यांच्या गाड्या बांधल्या गेल्या. त्यांतली एक आज इंग्लंडमध्ये क्वेन्टन येथे जपून ठेवलेली आहे.