‘मस्त चालतं’ म्हणे! मग पाणी भरून दाखवा

जुनं, चाकांवरचं डिशवॉशर विकायची जाहिरात. फोटो एकच, तोही गॅरेजच्या अंधारात काढलेला. मशीनच्या डोक्यावर रंगाचे डबे आणि ख्रिसमसच्या माळा. खाली मजकूर: ‘विंटेज पोर्टेबल डिशवॉशर, मस्त चालतं, ८० डॉलर, भाव करू नये.’ मस्त चालतं म्हणजे काय, हे विचारलं की कळतं: भिंतीत प्लग खुपसला, डायल फिरवला, आतून घूंऽऽ आवाज आला. झालं, सर्टिफिकेट मिळालं! अहो, तो काय टेबलफॅन आहे का? डिशवॉशरचं दुखणं आत गरम पाणी गेल्याशिवाय कळतच नाही. आणि नेमकं पाणी सोडूनच कोणी दाखवत नाही.

त्याहून संताप या गोष्टीचा, की कोरडं चालवून दाखवणं ही चाचणी नाहीच, ती मशीनची वाट लावणं आहे. पंपाच्या दांड्यावर जे सील असतं त्याचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर घासत फिरतात, आणि त्यांच्यामध्ये वंगण म्हणून असतं ते फक्त पाणी. चार वर्षं गॅरेजमध्ये पडलेल्या मशीनचं सील आधीच वाळून चिकटलेलं असतं. त्यात सकाळपासून आलेल्या पाच गिऱ्हाइकांना पाच वेळा घूंऽऽ करून दाखवलं, की उरलंसुरलं सीलही गेलं. सहावा बिचारा घरी नेतो, नळ जोडतो, आणि मशीनच्या पोटातून थेंब थेंब थेट मोटारीवर. मग विकणारा म्हणणार, ‘आमच्याकडे तर चालत होतं.’

आता मुळात हे चाकांवरचं धूड घेतंच कोण? अमेरिकेत जुन्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारे. ओट्याखाली कायमचं मशीन बसवायला घरमालक तयार नाही, आणि रोजच्या स्वयंपाकाची कढई, कुकर, डबे, डझनभर वाट्या तर घासायच्याच आहेत. (भाडेकरारात पोर्टेबल मशीनलाही मनाई असू शकते, ते कलम आधी वाचा.) नवं घ्यायचं तर पाचशे डॉलरच्या पुढे. म्हणून नजर जाते जुन्याकडे. आणि जुन्याच्या नशिबी ‘विंटेज’ हा शब्द. पूर्वी भंगार म्हणायचे, आता विंटेज म्हणतात आणि वर वीस डॉलर जास्त लावतात.

जाहिरातीत सगळ्यात आधी दिसायला हवा तो नळाला जोडायचा कपलर. त्याचा फोटो कधी नसतो म्हणजे नसतो! या मशीनला दोन होज असतात, एक पाणी आत घेणारा, एक मळकं पाणी बाहेर टाकणारा. दोन्ही येऊन मिळतात एका जाडजूड कपलरमध्ये, आणि तो नळाच्या तोंडाला खटकन बसतो. त्यासाठी नळाची जाळी काढून तिथे अडॅप्टर फिरवावा लागतो. अमेरिकेतल्या नेहमीच्या नळांना आटे दोनच प्रकारचे: नळाला आतून आटे असतील तर अडॅप्टर १५/१६ इंचाचा, बाहेरून असतील तर ५५/६४ इंचाचा, दोन्हींत एका इंचात २७ आटे. विकणारा तो अडॅप्टर आपल्या जुन्या नळावरच विसरून येतो आणि म्हणतो, दुकानात मिळेल. मिळेल हो, पण जुन्या कपलरची खाच त्यावर बसली पाहिजे ना! आणि तुमच्याकडे तोटी ओढून फवारा मारायचा नळ असेल तर विषयच संपला. त्या नळाला हा अडॅप्टर लागत नाही, आणि त्याच्या नळीवर सतत दाब ठेवणंही बरोबर नाही.

पाणी आत घेणारा होज बोटांनी चाचपायचा, वीतभर वीतभर करत. कुठे फुगवटा, कुठे भेगा, कुठे चिकट झालेलं रबर. तपासायचं कारण साधं आहे. मशीन चालू असेपर्यंत नळ उघडा असतो, म्हणजे घराच्या पाइपातला पूर्ण दाब तासभर त्या चाळीस वर्षांच्या रबरावर. तो फुटला की पाणी तुमच्या किचनमध्ये थांबत नाही, खालच्या मजल्यावरच्या छतातून उतरतं. मग ८० डॉलरचं मशीन किती हजारांना पडतं, ते घरमालकाचं बिल सांगेल.

प्लग तीन पिनांचा आहे ना, तेही बघा. तिसरी पिन कापून टाकलेली मशीनं राजरोस विकतात ही मंडळी. मशीन पाण्याचं, अंग लोखंडाचं, हात ओले, आणि अर्थिंग नाही! त्यावर ‘एक्सटेन्शन कॉर्डवर आरामात चालतं’ असं अभिमानाने सांगणाराही भेटतो. गरम करायची कॉइल आणि मोटार मिळून १२० व्होल्टवर दहा-बारा अँपिअर सहज ओढतात. बारीक एक्सटेन्शनची वायर त्यात भाजून निघते.

मग बघायचं कसं? विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगायचं, मशीनच्या तळाशी दोन-तीन लिटर कोमट पाणी ओतून ठेव. सील ओलं होतं, घट्ट बसलेला पंप सुटायला वाव मिळतो. एवढं करायलाही जो कुरकुरतो त्याच्याकडे पेट्रोल जाळून जाऊच नका. तिथे गेल्यावर आधी गरम पाण्याचा नळ हाताला चटका बसेपर्यंत वाहू द्यायचा, साधारण ४९ अंश सेल्सिअस, म्हणजे १२० फॅरनहाइट. मग कपलर जोडून पूर्ण सायकल लावायची. पहिल्या मिनिट-दीड मिनिटात पाणी भरतं. ते थांबलं की दार हळूच उघडून बघा, पाणी तळातल्या कॉइलजवळ आलंय का. जुन्या मशीनमध्ये पाणी टाइमर मोजून भरतो. तळातला फ्लोट असतो तो पाणी उतू जाऊ नये म्हणून. त्यामुळे नळाची धार बारीक असेल किंवा आतल्या व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ अडकला असेल, तर टाइमर आपला पुढे सरकतो आणि पंप अर्धं पाणी अर्धी हवा गिळत खडखडतो. तो खडखडाट ऐकून ‘मोटार गेली’ म्हणणारेही शहाणेच! आधी जाळी साफ करा.

धुणं सुरू झालं की टॉर्च घेऊन जमिनीवर लोळायचं. हो, लोळायचंच, लाज बाळगायची नाही. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद सरकवा. दाराच्या खालच्या कोपऱ्यातून गळत असेल तर गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) किंवा वाकलेलं दार. मधोमध मोटारीखाली ठिपके दिसले तर पंपाचं सील. गंजाचे जुने ओघळ असतील तर हे गळणं आजचं नाही. गॅस्केट कडक झालंय का हे कळायला दारात डॉलरची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकून आली तर तिथून पाणीही येणार.

निचरा हा वेगळा ताप. व्हर्लपूलच्या जुन्या कित्येक मॉडेलांत मोटार एका दिशेने फिरली की धुणं आणि उलट फिरली की निचरा. जीईच्या (जनरल इलेक्ट्रिकच्या) जुन्या मशीनमध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचं चुंबक, निचऱ्याची झडप उघडतं. त्यामुळे भांडी छान धुतली जातायत म्हणून पाणी बाहेर जाईलच असं नाही. शेवटी तळाच्या खळग्यात कपभर पाणी उरणं ठीक, कॉइल बुडेल एवढं उरलं तर दुखणं आहे. टाइमरचा डायल सायकलच्या दिशेनेच, सावकाश फिरवत न्या. मध्येच अडकला, किंवा एका टप्प्यावरून पुढे सरकेना, तर हात जोडा आणि निघा. होज, व्हॉल्व्ह, रॅकची चाकं सगळं स्वस्तात मिळतं. त्या मॉडेलचा टाइमर कधीच बनणं बंद झालेलं असतं, आणि जुन्यात सापडलाच तर मशीनपेक्षा महाग. नाकापेक्षा मोती जड.

आता ते ‘हो, हे हॉबर्टचं किचनएड आहे’ प्रकरण. हॉबर्ट या मूळ कंपनीच्या काळातली किचनएड डिशवॉशर खरोखर दणकट होती, पोलादावर पोर्सिलेनचा मुलामा, मोटारही तशीच. पण किचनएड १९८६ मध्ये व्हर्लपूलकडे गेलं, आणि या विकणाऱ्यांच्या लेखी मात्र किचनएड लिहिलेली प्रत्येक वस्तू हॉबर्टचीच! मॉडेल नंबरची पट्टी दाराच्या कडेला असते, तिचा फोटो मागा. आणि खरं हॉबर्ट असलं तरी पोर्सिलेनचा टवका उडाला की खालचं पोलाद उघडं पडतं. कॉइलचे पाय, तळाच्या खळग्याची कड, दाराच्या खालची पट्टी, इथे गंज खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाबा. मऊ लागलं तर भोक पडायला वेळ नाही. वर इपॉक्सी फासून ‘रिपेअर केलंय’ म्हणतात, ते गरम पाणी आणि साबणातल्या अल्कलीपुढे किती दिवस टिकणार?

त्याच दशकातलं जीई किंवा हॉटपॉइंट असेल तर आणखी एक गोष्ट, जी सांगायची तसदी कुणीच घेत नाही. एप्रिल १९८३ ते जानेवारी १९८९ या काळातली त्यांची सुमारे ३१ लाख डिशवॉशर १९९९ मध्ये परत मागवली गेली. हीट ड्राय (भांडी गरम करून सुकवणं) की एनर्जी सेव्हर (वीज वाचवणं) हे निवडायचा सरकता स्विच वितळून पेट घेऊ शकतो म्हणून. पेट! आणि हे लोक त्यावर ‘ओरिजिनल कंडिशन, काहीही बदललेलं नाही’ असं कौतुकाने लिहितात. बदललेलं नाही हीच तर अडचण आहे, बाबांनो.

‘आमच्या आजीची भांडी चकाचक निघायची.’ निघत असतील. त्या काळच्या साबणात भरपूर फॉस्फेट होतं. २०१० पासून अमेरिकेतल्या सोळा राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि कंपन्यांनी सगळीकडेच ते काढून टाकलं. आताच्या एन्झाइमच्या साबणाला कोमट पाणी आणि वेळ हवा, आणि जुन्या मशीनची मुख्य धुलाई आटोपती. म्हणजे पावडर वापरा, पहिल्या धुण्यालाही चमचाभर टाका, गोळी टाळा. वर पाणी एका खेपेला दहा गॅलनच्या पुढे, आजचं मशीन पाचच्या आत भागवतं. आणि जुन्या जीईमध्ये खालच्या रॅकच्या मधोमध पाणी उडवणारा मनोरा असतो, तिथे तुमची कणकेची परात आडवी कुठे ठेवणार? ॲल्युमिनियमचा कुकर तर ठेवूच नका, काळा होऊन बाहेर येईल.

दार उघडून भरलेला खालचा रॅक बाहेर ओढा आणि बघा, मशीन पुढे कलंडतंय का. पोर्टेबलच्या मागच्या बाजूला तळाशी वजन असतं. ओट्याखालचं मशीन काढून त्याला चाकं ठोकून ‘पोर्टेबल’ म्हणून विकणारे महाभाग आहेत, त्यात ते वजन नसतं. कलंडलं तर गरम पाणी आणि काचेच्या बरण्या पायावर. मागची पत्र्याची पट्टी काढून आत उंदरांनी इन्सुलेशनमध्ये घर केलंय का, झुरळांची अंडी आहेत का, तेही बघून घ्या. ते घरात आलं की महिनाभर जात नाही.

आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतंच: ‘इथे नळ नाही हो, चालवून दाखवता येणार नाही. पण फुकट देतो, घेऊन जा.’ धर्माची गाय, दात का नाय, असं म्हणून लोक गाडी घेऊन धावतात. न चाललेलं दीड-दोन माणसांनी उचलायचं लोखंड, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढवायचं, आणि महिन्याभरात पुन्हा उतरवून भंगारवाल्याला न्यायला पैसे द्यायचे. फुकट कसलं? न दाखवता येणाऱ्या मशीनला उचलून न्यायचे पैसे विकणाऱ्याने द्यायला हवेत.