क्वार्टरबॅक कुणीही असो, पुढच्या पाचांचं काय?

"सेयिन. विषय कट." कोल्हापूरकरानं समोसा मोडता मोडता निकाल लावून टाकला.

"काऊन बे, कोचनं तुला फोन करून सांगितलं का?" नागपूरकर.

ऑगस्ट 2025 चा पहिला शनिवार. ओहायोतल्या कोलंबसमध्ये सॉमिल रोडवरच्या देशी किराणा दुकानाबाहेर जो बुटका कठडा आहे, तो आमचा कट्टा. विषय एकच: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये 30 ऑगस्टला टेक्सासविरुद्ध आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कोण? कोच रायन डे तेव्हा अजून नाव फोडायला तयार नव्हते. ज्यांना हा खेळ म्हणजे नुसती धक्काबुक्की वाटते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, सरकलात की पुन्हा चार; समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो नाहीतर पळणाऱ्याच्या हातात देतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी ढालीसारखे उभे असतात, तीच लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. त्यांच्या नावाची जर्सी घालून फिरणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

"लेका, मनगट बघितलंस का ज्युलियन सेयिनचं?" कोल्हापूरकर तापला. "चेंडू हातातनं कवा सुटला कळतच न्हाई. अलाबामानं उगंच उचललावता व्हय त्याला? त्यांचे कोच निक सेबन रिटायर झाले म्हणून आपल्याला गावला."

"गेल्या साली बारा पास फेकले त्यानं. त्यातले पाच पोचले. बारावर काय निष्कर्ष काढून राह्यला बे? असा डेटा नेला तर माझा गाईड लॅबातून हाकलून देईल मले." नागपूरकर इथंच मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतो, आणि त्याचा माणूस लिंकन कीनहोल्झ. साउथ डकोटाचा, पायांनीही यार्ड काढणारा, सेयिनपेक्षा एक वर्ष जास्त इथं घालवलेला.

"2023 चा कॉटन बोल इसरलास? मिसुरी 14, आपण 3. अख्ख्या मॅचला तीन!"

"पहिल्या वर्षाचं पोट्टं होतं ते. त्याच्या आधीचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून ऐनवेळी ढकललं त्याला."

हे असं बराच वेळ चाललं. त्यातलं बहुतेक गाळतो, कारण दोघंही तेच तेच आवाज चढवून सांगत होते.

मग काकांनी चहाचा कप खाली ठेवला. काका पुण्याचे, पण नव्वदच्या दशकापासून इथं. "मुलांनो, जेरेमाया स्मिथच्या दिशेनं चेंडू फेकायचा आहे. एवढं मलाही जमेल. पहिल्याच वर्षात 76 झेल, 1315 यार्ड, 15 टचडाउन. दुसऱ्या बाजूला कार्नेल टेट. मधे पर्ड्यूहून आणलेला मॅक्स क्लेर. आणि वर कोच ब्रायन हार्टलाइन. विल्सन, ओलावे, स्मिथ-एन्जिग्बा, हॅरिसन, एग्बुका, सगळे त्याच्या हाताखालून थेट एनएफएलच्या व्यावसायिक संघांत, तेही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. आता तर अख्खं आक्रमण त्याच्याच ताब्यात आहे. चिंता कसली करता?"

यावर कुणाला काही सुचेना. पुणेकरानं शेवटचा शब्द टाकला की असं होतं.

तेवढ्यात वहिनी दोन पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आल्या. त्या ओहायो स्टेटच्याच पदवीधर, बँकेत आकडेमोडीचं काम करतात, आणि खेळ आमच्या तिघाचौघांपेक्षा नीट बघतात.

"काका, जानेवारीत टेक्सासविरुद्ध जेरेमायानं किती चेंडू झेलले?"

काका गप्प.

"एक. तीन यार्ड. त्यांनी त्याला मोकळं सोडलंच नाही. तरी आपण 28-14 जिंकलो. कसे?"

"जॅक सॉयर!" कोल्हापूरकर ओरडला. "83 यार्ड पळालं बेणं!"

"ते बचावाचं. आक्रमणाचं सांगा. हाफटाइमच्या तोंडावर पळणाऱ्या हेंडरसनला छोटासा स्क्रीन पास दिला आणि तो 75 यार्ड गेला. कारण पुढचे गडी ब्लॉक करत त्याच्यापुढे धावत सुटले होते. आता हेंडरसन कुठाय? पेट्रियट्सकडे. जडकिन्स ब्राउन्सकडे. दोघांनी हजार-हजार यार्ड ओलांडले होते. डावा टॅकल सिमन्स चीफ्सकडे, डोनोव्हन जॅक्सन वायकिंग्सकडे. लाइनचा कोच जस्टिन फ्रायसुद्धा एनएफएलला गेला. चेंडू कोण फेकणार यावर तुम्ही तासभर भांडताय. फेकायला वेळ कोण देणार, ते बोला ना."

विजेतेपद मिळवलेल्या संघातले चौदा जण 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, गेले, इतके त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच कॉलेजचे नव्हते. गावभर याचा अभिमान मिरवून झाला. रिकाम्या जागांचा हिशेब वहिनींनी मांडला.

"अन् मिशिगन?" नागपूरकरानं नको तो विषय काढला.

शेजारच्या राज्यातला हा कट्टर प्रतिस्पर्धी; हे नाव कोलंबसात उच्चारत नाहीत. त्या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर प्रत्येक एमवर लाल फुली मारलेली असते. कोल्हापूरकराला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांची ईर्षा बघत तो शाहू स्टेडियमवर लहानाचा मोठा झालाय.

"गेल्या वर्षी 13-10 नं हरलो," वहिनी म्हणाल्या. "26 वेळा धावलो, 77 यार्ड. बाहेर असे झेल घेणारे रिसीव्हर असताना मधल्या भिंतीवर डोकं आपटत बसलो."

"वहिनी, पण त्या भिंतीतले ग्रॅहम अन् ग्रँट दोघंही पहिल्या फेरीत गेले ना. यंदा नाहीत ते."

"भिंत गेली. आपली डोकं आपटायची सवय गेली का?"

काका हळूच म्हणाले, "1996. 13-9. आपण तोवर एकही हरलो नव्हतो." तेव्हाचे कोच कूपर यांच्या काळातली जखम आहे ती. काका ती काढणार हे ठरलेलंच असतं.

आता माझं तेव्हाचं मत. वहिनींचं निदान बरोबर, पण त्यांना वाटतं तितकं दुखणं जुनाट नाही. 2024 मध्ये लाइन ऐन हंगामात मोडली होती. ऑक्टोबरमध्ये ऑरेगनला सिमन्सचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये सेंटर मॅकलॉफ्लिन सरावात जायबंदी झाला. जॅक्सनला गार्डवरून टॅकलला सरकवलं, हिन्झमनला सेंटरला. मिशिगनसमोर त्या जोडकामाचे हाल झाले, आणि त्याच लाइननं पुढच्या चार सामन्यांत टेनेसी, ऑरेगन, टेक्सास, नोत्र दाम सगळ्यांना लोळवलं. म्हणजे लाइन बांधता येते, फक्त एकमेकांची पावलं ओळखीची व्हायला सामने लागतात. 2025 ला लाइनमध्ये राइसहून आलेला ओनियान्वा आणि मिनेसोटाहून आलेला डॅनियल्स यांना ते मिळायच्या आतच टेक्सास उभं होतं. त्यानंतर ग्रॅम्ब्लिंग आणि ओहायो युनिव्हर्सिटी, म्हणजे आराम. वेळापत्रक उलटं असतं तर मी निवांत होतो.

त्यात आधी चाली ठरवणारे चिप केली एनएफएलच्या रेडर्सकडे गेल्यावर ते काम त्या हंगामात हार्टलाइनकडे आलं. रिसीव्हर घडवणं वेगळं, आणि तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असताना डोकं थंड ठेवणं वेगळं. म्हणून माझा अंदाज: ऑगस्टमध्ये वीसच्या आसपास गुण, नोव्हेंबरमध्ये चाळीस. क्वार्टरबॅक सेयिन. (नागपूरकर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.)

"वीस? चाळीस मारतील!" कोल्हापूरकर उठून उभा राहिला. "पैज लावा. पळून शंभर यार्ड तर नक्की. सीजे डोनाल्डसनचं आडमाप अंग बघितलंय का? न्हाई झालं तर सगळ्यांना मिसळ माझ्याकडनं."

"लावली," वहिनी म्हणाल्या. "स्क्रीन पासचे यार्ड त्यात धरायचे नाहीत. ते पासिंगमध्ये जातात."

"बरं."

"आणि क्वार्टरबॅकला मागे पाडलं की तेवढे यार्ड धावण्यातून वजा होतात. कॉलेजचा नियम आहे, एनएफएलसारखं नाही."

"हे कुठलं ओ? त्यो पडला तर माझी मिसळ का म्हणून?"

"म्हणूनच तर मघापासून लाइनचं सांगतेय."

कोल्हापूरकरानं आकडा ऐंशीवर आणायची मागणी केली. काकांनी ती फेटाळली.