टूरवाल्याशिवायही बँकॉक होतं

एका लेखात वाचलं की पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या खेड्यातल्या पोरांनी टूर कंपनीचंच बोट धरावं. मला हे अजिबात पटलं नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले चौघं मित्र, कापसाचे पैसे हाती आल्यावर पाठीवर एकेक सॅक टाकून बँकॉकला आठवडाभर राहून आलो. हॉस्टेलच्या खोलीत आठ पलंग, त्यातले चार आमचे. सोबत जवसाची चटणी होती अन् साधा भात तिथं कुठंही मिळतो.

खरी बचत झाली ती टॅक्सी टाळल्यानं. सेन सेप कालव्यातल्या बोटीनं आम्ही रोज फिरलो. बोट धक्क्याला टेकली की पटकन चढायचं. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्यानं दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा, नाहीतर कालव्याचं काळं पाणी अंगावर! तिकीट कापणारे हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येतात.

वाट फो विहारातला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांची १०८ मंगलचिन्हं. भिंतीलगत १०८ भांडी, एकेकात नाणं टाकत जायचं. तो टणटण आवाज सतत घुमत असतो. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारा आमचा मित्र तिथं कितीतरी वेळ हात जोडून उभा होता. त्याला कोणीच ‘चला, बस निघाली’ म्हटलं नाही.

अन् हो, पूर्ण पँट सोबत ठेवा, ग्रँड पॅलेस या तिथल्या राजवाड्यात हाफपँटवर आत सोडत नाहीत.