कापसाचा किल्ला आणि आपले गड

तुर्कस्तानातल्या देनिझली शहराजवळच्या डोंगरकड्यावर झऱ्यांच्या पाण्याने घडवलेल्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांना तुर्की लोक पामुक्काले, म्हणजे कापसाचा किल्ला, असे म्हणतात. त्यांचा ‘काले’ आणि आपला ‘किल्ला’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच अरबी शब्दावरून आलेले आहेत. तुर्कस्तानात राहू लागल्यापासून मी तिथे तीनदा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी मन महाराष्ट्रातल्या गडांकडे धावले. 2019 मध्ये किल्ल्यांवर हॉटेले होऊ देण्याच्या धोरणावरून आपल्याकडे मोठे वादळ उठले होते. एक बाजू पावित्र्याबद्दल बोलत होती, दुसरी रोजगाराबद्दल. 2025 मध्ये 12 मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी 11 महाराष्ट्रातले आहेत. आता पाहुणे वाढतील आणि हा वाद पुन्हा उभा राहील, असे मला वाटते.

पामुक्कालेने ती चूक करून पाहिली आहे. पेर्गामोन या प्राचीन राज्याच्या राजांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस याच कड्यावर वसवलेल्या हिएरापोलिस नगरीच्या अवशेषांवर विसाव्या शतकात हॉटेले उभी राहिली, झऱ्यांचे पाणी त्यांच्या तलावांकडे वळले आणि पांढऱ्या उतारावरून मोटारींचा रस्ता काढला गेला. हे पाणी साधे नव्हे. सुमारे 35 अंश तापमानाच्या या पाण्यात चुना विरघळलेला असतो. ते उघड्यावर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना आधी मऊ लगद्यासारखा साचतो, मग त्याचा दगड होतो. म्हणजे पाणी वाहते आहे तोवरच ही वास्तू घडत राहते, आणि पाणी पळवणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे. 1988 मध्ये या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यानंतर, नव्वदच्या दशकात, ती हॉटेले पाडण्यात आली आणि रस्त्याच्या जागी उथळ कुंडे करण्यात आली. आज आपल्याकडे उसाला पाळीने पाणी देतात तसे तिथे उताराच्या वेगवेगळ्या भागांना आळीपाळीने पाणी सोडले जाते, त्यामुळे काही कुंडे कोरडी दिसतात आणि लांबून आलेले पाहुणे हिरमुसतात. मला मात्र ती कोरडी कुंडेच अधिक आश्वासक वाटतात, कारण तिथे पाहुण्याच्या छायाचित्रापेक्षा दगडाची गरज मोठी मानलेली आहे.

उतारावर पादत्राणे चालत नाहीत. देवळात आपण श्रद्धेने चपला काढतो. इथे कारण एवढेच की पादत्राणांनी चुन्याचा थर झिजतो आणि मळतो.

सगळेच मला पटलेले नाही. वरच्या जुन्या तलावात, भूकंपात कोसळलेल्या संगमरवरी खांबांवर, पैसे भरून पोहता येते, आणि अवशेषांचा असा वापर मला खटकतो. पण हॉटेले पाडल्याने पर्यटन बुडाले नाही, हे पायथ्याच्या गावात राहिल्यावर कळते. तिथल्या कुटुंबांची छोटी अतिथीगृहे आलेल्यांची सोय करतात. आपला वाद मात्र ‘हॉटेल हवे की नको’ इथेच अडकतो आणि ‘कुठे’ हा प्रश्न मागे राहतो. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडमध्ये घरोघरी दोन खोल्या आणि स्वच्छ न्हाणीघर उभारायला सरकारने कर्ज दिले, तर गडावर एकही वीट चढवावी लागणार नाही.