मेथडचं नाव आधी तपासा ना!

पुन्हा तेच! जेसन-आरपीसीसाठी (जेसन पाठवून सर्व्हरवरची फंक्शन्स, म्हणजे मेथड, बोलावण्याची पद्धत) सर्व्हरवर एकच रूट, आणि क्लायंटने पाठवलेलं मेथडचं नाव थेट साध्या ऑब्जेक्टमध्ये शोधायचं. अहो, कुणी ‘कन्स्ट्रक्टर’ पाठवलं तर? जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टला वारसा देणाऱ्या प्रोटोटाइपवरून ते सापडतं, सर्व्हर ते चालवतो आणि आलेले पॅरामीटर्सच निकाल म्हणून परत पाठवतो! फक्त आपण घातलेलीच नावं शोधणारा मॅप वापरायला काय जातं?

मेथड नसेल तर -३२६०१ हा ‘मेथड सापडली नाही’चा एरर कोड द्या. २०१० पासून जेसन-आरपीसीच्या स्पेकमध्ये, म्हणजे नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय. पण नाही, सर्व्हर बिघडल्याचा ५०० फेकून मोकळे! आयडी नसलेल्या, म्हणजे उत्तर नकोच असलेल्या नोटिफिकेशनलाही उत्तर. बॅचचा, म्हणजे एकदम अनेक कॉल्सचा, ॲरे आला की बोंब.

आणि एक्सप्रेस ४ या वेब फ्रेमवर्कमधला असिंक हँडलर! एरर पकडायचीच नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून अशा एका न पकडलेल्या रिजेक्शनने (असिंक कामाच्या एररने) अख्खी प्रोसेस बसते. एका कॉलपायी बाकीच्या सगळ्यांनी का लटकायचं?