मालगुजार म्हणजे गावाचा मालक नव्हे

उमरेड तालुक्यातले एक काका परवा माझ्याकडे आले. नागपुरात महसुली दावे चालवत असल्यामुळे पिशवीत जुने कागद घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत. काकांनी आधी मोबाइल काढून एक मजकूर दाखवला आणि मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक तपकिरी पावती टेबलावर ठेवली. "मॅडम, हे खरं आहे का जी? आमच्या आबाजीच्या कागदावर मालगुजारी लिवलं आहे. मंग तलाव आमचाच ना?" तलाव नावावर करून देतो म्हणून कुणीतरी त्यांच्याकडून आगाऊ पैसेही घेतले होते.

तो मजकूर माझ्याकडेही निदान पाच-सहा गटांतून आला होता. त्याचा सारांश असा: 'मालगुजार हा अस्सल मराठी शब्द आहे, ज्याच्या मालावर गाव गुजराण करतं तो मालगुजार. बख्त बुलंद शहानं मालगुजारांना गावं कायमची लिहून दिली आणि भोसल्यांनी तो हक्क सांभाळला. मालगुजार, जमीनदार, देशमुख सगळे एकच. मामा तलाव मालगुजारांनी आपल्या भाच्यांसाठी खोदले. १९५१ मध्ये सरकारनं सगळं फुकट हिसकावलं. तुमच्या जुन्या कागदावर हा शब्द असेल तर गावातली जमीन आणि तलाव आजही तुमचेच.'

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. शेवटच्या वाक्यापायी तर माणसं पैसे घालवत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सुरुवात शब्दापासून. 'माल' अरबी आणि 'गुजार' फारसी. महसुलाच्या भाषेत माल म्हणजे सामानसुमान नव्हे, तर जमिनीचा सारा. 'गुजार' म्हणजे अदा करणारा, चुकता करणारा. मालगुजार म्हणजे सारा भरणारा, एवढाच मूळ अर्थ. उत्तर हिंदुस्थानात 'मालगुजारी' हे रकमेचं नाव होतं; चार बिघे कसणारा शेतकरीसुद्धा मालगुजारी भरायचा, म्हणून तो काही गावाचा धनी होत नसे. मजकूर लिहिणाऱ्याला 'गुजराण' हा शब्द आठवला, त्यात मात्र काही वावगं नाही. गुजराण, दिवस गुजारणे, कोर्टात अर्ज गुदरणे, इतकंच काय, आपल्या आज्या सरलेल्या सालाला 'गुदस्ता' म्हणायच्या तो शब्दही याच फारसी घराण्यातला. पण नातं आहे म्हणून अर्थ एक होत नाही. गुजराण म्हणजे निभणं आणि मालगुजारमधला गुजार म्हणजे फेडणं. गाव त्याच्यावर जगतं असं हा शब्द कुठेच सांगत नाही. सरकारचं देणं त्याच्या शिरावर आहे, एवढंच सांगतो.

आता बख्त बुलंद शहा आणि भोसले. देवगडच्या या गोंड राजानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, हे खरं. औरंगजेबाच्या दरबाराशी त्याचा संबंध आला होता आणि 'बख्त बुलंद' हे नावच फारसी आहे, त्यामुळे त्याच्या कारभारात फारसी शब्द असणं स्वाभाविक आहे. पण गावाची कायदेशीर मालकी असलेला मालगुजार तेव्हा नव्हता. भोसल्यांच्या राज्यात गावाचा कारभारी होता पाटील. तो ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा. सारा थकला किंवा दुसऱ्यानं जास्त कबूल केला, तर पट्टा दुसऱ्याकडे जायचा. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि त्यानंतर तिसरा रघुजी अल्पवयीन असताना इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स यांनी नागपूरचा कारभार पाहिला. तेव्हाही करार पाटलांशीच होत होते आणि तेही मुदतीचे.

मालकी आली ती नंतर, इंग्रजी कायद्यातून. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झालं. जमिनीला मालक असला की ती सुधारेल, अशी त्या काळच्या साहेबांची ठाम समजूत होती. त्यामुळे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे तीस वर्षांसाठी सारा ठरवणाऱ्या मोठ्या मोजणीत, जो सारा भरत होता त्यालाच गावाचा मालक ठरवलं गेलं. काही ठिकाणी तो पिढीजात पाटील होता, तर काही ठिकाणी पट्टा मिळवलेला सावकार किंवा दरबारातला माणूस. या शब्दाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. भरणाऱ्याचं नाव होतं, ते मालकाचं झालं. याला गोंडकाळाची परंपरा म्हणणं म्हणजे इंग्रजी ठरावाला गोंड राजाचा शिक्का मारणं आहे. त्या राजांवरही तो अन्याय आहे.

शिवाय ही मालकी पुरती नव्हती. गावात मालगुजाराखेरीज इतर हक्कदारही होते. स्वतःच्या तुकड्याचा स्वतंत्र मालक असलेला 'मालिक मकबूजा' हा त्यांतला एक आणि वेगवेगळ्या दर्जाची मौरूसी, म्हणजे पिढीजात हक्काची, कुळं हे दुसरे. १८८३ आणि १८९८ च्या कूळ कायद्यांनंतर कुळाचा लगान मालगुजार मनाला येईल तसा वाढवू शकत नव्हता. तो बंदोबस्त अधिकारी ठरवायचा. जुन्या मिसली, म्हणजे बंदोबस्ताच्या फायली, चाळताना मला नेहमी जाणवतं ते आण्यांचं गणित. अख्खं गाव सोळा आण्यांचं. भाऊबंदकीत ते फुटत जायचं. कुणी आठ आणे, कुणी पाच आणे चार पै. दोन आण्यांचा हिस्सेदारही मालगुजारच म्हणवायचा आणि सगळ्यांच्या वतीनं सारा भरायची जबाबदारी लंबरदारावर असायची. गावाचा एकच एक राजा हे चित्र या कागदांशी जुळतच नाही.

'सगळे एकच' हा मुद्दा लवकर संपतो. देशमुख हा परगण्याचा वतनदार. जमीनदार म्हणजे आपल्याकडे मुख्यतः चांद्याकडच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, अहेरीसारख्या जुन्या इस्टेटींचे धनी. त्यांचा दर्जा आणि सरकारशी करार मालगुजारांहून वेगळा. आणि वऱ्हाडात मालगुजारी नव्हतीच. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा मुलूख १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, तिथे शेतकऱ्याकडून थेट सारा घेणारी रयतवारी लागू झाली आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. 'विदर्भातले मालगुजार' म्हणताना निम्मा विदर्भ बाहेर ठेवावा लागतो.

मामा तलावांचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरं. १९५१ नंतर सरकारी कागदांत हे तलाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले आणि बोलताना त्याचं आखूड रूप रुळलं. भाचा कुठेच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यांतले कितीतरी तलाव मालगुजारीपेक्षा जुने आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधून धानाची शेती उभी करणारे कोहळी समाजाचे लोक होते. नवेगाव बांधचा तलाव ज्यांच्या नावाशी जोडला जातो, त्या कोलू पाटील कोहळींना लोक पाटील म्हणून ओळखतात, मालगुजार म्हणून नव्हे. मालगुजारांनी पुढे बरेच तलाव बांधले, जुन्यांची डागडुजी केली, हेही खरं. पण ज्यांनी टोपल्यांनी माती वाहून पार, म्हणजे तलावाचा बांध, घातली, त्यांचं श्रेय एका आद्याक्षराच्या गोष्टीत बुडू नये.

१९५१ कडे येऊ. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 'मालकी हक्क नष्ट करण्याबाबतचा अधिनियम, १९५०' तिथल्या विधानसभेनं केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क राज्याकडे गेले. गेलं काय? सारा-लगान गोळा करण्याचा हक्क, गावाची पडीत, जंगल, गावठाण, बाजार, सामाईक पाणी. राहिलं काय? घरशेती, म्हणजे मालगुजार स्वतः कसत असलेली सीर आणि खुदकाश्त जमीन, राहती घरं, तसंच खासगी ताब्यातल्या जमिनीवरच्या विहिरी आणि काही तलाव. भरपाई ठरवायला वेगळे अधिकारी नेमले होते. ती भरपाई पुरेशी होती का, यावर वाद घालता येतो आणि तो त्या वेळीही झाला. अहेरीच्या जमीनदारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२ मध्ये न्यायालयानं कायदा टिकवला. त्याआधीच पहिल्या घटनादुरुस्तीनं, कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून वाचवणारं नववं परिशिष्ट जोडलं होतं. त्यातल्या सुरुवातीच्या १३ कायद्यांत हाही होता. इतकं सगळं झाल्यावर 'फुकट हिसकावलं' असं एका ओळीत लिहिणं ज्यांची जमीन गेली त्यांच्याही कामाचं नाही आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्याही नाही.

राहिला तो शेवटचा दावा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. जुन्या कागदावर हा शब्द दिसला की जमीन, तलाव तुमचे?

काकांची पावती मी खिडकीशी नेऊन वाचली. शाई विटली होती, घडीवर कागद फाटला होता. आबाजींचं नाव, गावाचं नाव, त्याखाली 'मालगुजारी ७ रुपये ४ आणे', आणि कोपऱ्यात लंबरदाराची सही. आबाजींच्या नावापुढे मालगुजार लिहिलेलंच नव्हतं. तिथे होतं 'मालिक मकबूजा'. पावतीवरची मालगुजारी ही रक्कम होती, पदवी नव्हे. शब्दाचा तो जुना अर्थ, 'भरलेला सारा', या एका कागदावर अजून जिवंत होता आणि काकांना कुणीतरी त्याचा नवा अर्थ विकला होता.

आणि समजा पदवीच असती, तरी गावाचा तलाव परत मिळाला नसता; तो हक्क ३१ मार्च १९५१ लाच संपला. आज त्या पाण्यावर कुणाचा काय हक्क आहे, हे पाहायचं असेल तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहा. हेही जुनेच शब्द, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना आजही जागा आहे. गावकऱ्यांची वहिवाट, गुरांचं पाणी, वाटा यांची नोंद तिथे असते. तलावातली मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे असेल, तर 'आमचा मालगुजारी कागद आहे' असं सांगून त्यांना अडवणं हा सरळ गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. हा मजकूर आल्यापासून एका गावात तसं भांडण झाल्याचं मी ऐकलंय.

काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. आगाऊ दिलेले पैसे लेखी मागा, नाही मिळाले तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आणि ही पावती जपून ठेवा, कारण ती वेगळ्याच कामाची आहे. मालिक मकबूजा जुन्या मध्य प्रदेशाच्या १९५४ च्या जमीन महसूल संहितेत भूमिस्वामी झाला आणि आताच्या संहितेत भोगवटादार वर्ग १, म्हणजे जमीन पूर्ण हक्कानं धारण करणारा. त्यांच्या चुलतभावाशी चाललेल्या वाटणीच्या दाव्यात समोरच्यांचं म्हणणं होतं की वादातली साडेतीन एकर जमीन आबाजींकडे निव्वळ कूळ म्हणून होती; ही पावती त्याच्या उलट सांगते.

काकांनी पावती पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातली. मग विचारलं, "मंग मॅडम, हे मकबूजा कसं लिवायचं? पोराला पाठवतो." मी त्यांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.