शाल दिली, श्रीफळ दिलं, झालं?

आज आमच्या हझानकाकांचा, म्हणजे आम्हा बेने इस्रायली ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांचा, निरोप समारंभ होता. डोकं इतकं तापलंय की घरी आल्या आल्या लिहायला बसले.

प्रमुख पाहुणे बोलत सुटले. नवगावला फुटलेलं आपल्या पूर्वजांचं गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, 1796 साली दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं शार हराहामीम सिनेगॉग, 2016 साली मिळालेला अल्पसंख्याक दर्जा. अहो, हे आमच्या पोरांनाही पाठ आहे! काकांबद्दल जेमतेम दोन वाक्यं. मग शाल, श्रीफळ, सेल्फी आणि आडनाव चुकलेलं सन्मानचिन्ह. काका हसत होते. ते कायमच हसतात, म्हणून त्यांना काय हवंय हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे रब्बी (धर्मगुरू) होते कधी? लग्न लावायला काका, मयतीला काका, मलिद्याला (नवसाच्या, आभाराच्या विधीला) काका, शुक्रवारी कोंबडी कापायलाही काकाच.

पप्पा गेले तेव्हा धो धो पाऊस, लोकल बंद. संध्याकाळी भावाला कद्दीश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) म्हणायचं होतं, त्याला दहा पुरुष लागतात आणि घरात पुरुष नऊ. (मी धरून दहा होत होते, पण बाईमाणूस मोजत नाहीत. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, भांडायला या.) काका उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री घेतली आणि बाहेर पडले. बराच वेळानं आले ते कॉलेजातल्या एका मुलाला हाताला धरून. दोघंही नखशिखांत भिजलेले. त्यांना टॉवेल द्यायचंही आम्हाला सुचलं नाही. तसेच ओल्या कपड्यांत उभे राहून त्यांनी प्रार्थना घेतली.

अशा माणसाला पेन्शन नाही. मानधन किती होतं ते लिहिलं तर समाजाची लाज जाईल.

मान्य, कमिटीकडे पैसा नाही. निम्मी घरं इस्रायलला गेली, वर्गणी येणार कुठून? पण मांडवाला होता ना? केटररला होता ना?

आणि हो, काकांचा आवाज काही फार गोड नव्हता. किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, शेवटी शेवटी तर पार बसायचा. पण पंचवीस तासांचा कडकडीत उपास, त्यात दिवसभर उभं राहून म्हणायचं. एकदा करून बघा. सेफेर तोरात (धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत) स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणा नसतात. ते सगळं काकांच्या डोक्यात आहे, त्यांच्या आधीच्या हझानांकडून ऐकून ऐकून आलेलं. आज स्टेजवरून एक जण म्हणाले, "आता काय, यूट्यूबवर सगळं मिळतं." मिळतं ना! फक्त शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, असलं काही चालवायचं नसतं तेव्हा) मोबाइल कोण लावणार ते सांगा. आणि दहावा माणूस कमी पडला तर यूट्यूब पावसात जाणार आहे का?

जाऊ दे. निघताना काकांच्या पाया पडले तर म्हणाले, "भाऊ फोन करतो का गं? पप्पांची बरसी चुकवू नको म्हणावं." एवढ्या वर्षांनीही त्यांच्या ध्यानात आहे. मग मला काही बोलताच आलं नाही.

काकांना विचारून ठेवलंय. रविवारी सकाळी ते मुलांना चालींसकट शिकवायला तयार आहेत, त्यांच्याच घरी. ज्यांची मुलं बार मिट्झवाच्या (तेराव्या वर्षीच्या धर्मविधीच्या) वयाची आहेत त्यांनी मला मेसेज करा. फुकट नाही हं, फी द्यायची आणि ती काकांच्या हातात. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत पेन्शनचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवाय. इथे नुसते हात जोडल्याचे इमोजी टाकणाऱ्यांनी त्या दिवशी हॉलमध्ये येऊन हात वर करा.